गोजिराची ओळख कोठून करून घ्यावी?

मराठी कानाला ‘गोजिरा’ हा शब्द मोठा लडिवाळ वाटतो. रांगते बाळ गोजिरे, दारातले वासरू गोजिरवाणे, असे आपण सहज बोलून जातो. त्यामुळे पन्नास मीटर उंचीच्या, तोंडातून जळजळीत श्वास सोडणाऱ्या आणि टोकियो शहर पायांखाली तुडविणाऱ्या एका प्राण्याचे हे नाव आहे असे कोणी सांगितले, तर ऐकणाऱ्याला प्रथम हसूच येईल. जपानी भाषेतील ‘गोरिरा’ म्हणजे गोरिला वानर आणि ‘कुजिरा’ म्हणजे देवमासा, ह्या दोन शब्दांची सांधेजोड करून हे नाव घडविण्यात आले. पुढे इंग्रजीत त्याचे ‘गॉडझिला’ झाले आणि त्याच रूपाने ते जगभर पसरले.

ह्या प्राण्यावरील पहिला चित्रपट जपानमध्ये ३ नोव्हेंबर १९५४ रोजी प्रदर्शित झाला. २०२४ सालापर्यंत त्याच्या नावावर ३८ चित्रपट जमा झाले. त्यांपैकी ३३ तोहो ह्या जपानी चित्रसंस्थेचे असून ५ अमेरिकेत तयार झाले. एकाच कल्पनेवर सत्तर वर्षे चित्रपट निघत राहावेत, ही गोष्ट चित्रपटांच्या इतिहासात विरळाच म्हटली पाहिजे.

आता प्रश्न असा की, ज्याने ह्यांतील एकही चित्रपट पाहिलेला नाही अशा माणसाने सुरुवात कोठून करावी? घरातील तरुण मुलगा म्हणतो, अगदी अलीकडचा पाहावा. त्यातील देखावे डोळे दिपविणारे असतात. त्याचा शिस्तप्रिय काका म्हणतो, पहिल्यापासून ओळीने ३८ पाहावेत, एरवी काही कळायचे नाही. आणखी कोणी म्हणतो, राक्षसांच्या झुंजीच तर पाहायच्या, मग कोठूनही पाहा! ह्या तिन्ही उत्तरांत थोडे थोडे तथ्य आहे, परंतु तिन्ही अपुरी आहेत. करमणुकीपुरता हा प्रश्न क्षुल्लक खरा. पण ह्या मालेच्या मुळाशी एका राष्ट्राचे खरेखुरे दुःख आहे, आणि आरंभ कोठून केला ह्यावर ते दुःख प्रेक्षकाला दिसणार की नाही हे पुष्कळसे अवलंबून आहे.

प्रथम मालेची ठेवण समजून घेतली पाहिजे. एखाद्या कादंबरीचे अडतीस भाग असावेत आणि त्यांतील एक चुकला तर पुढचे अडावे, असा हा प्रकार नाही. वडाच्या झाडाची उपमा येथे अधिक शोभेल. मूळ खोड एक. त्याच्या फांद्यांना पारंब्या फुटल्या आणि प्रत्येक पारंबीने जमिनीत स्वतंत्र मूळ धरले. १९५४ ते १९७५ ह्या काळात १५ चित्रपट निघाले. पुढे नऊ वर्षे खंड पडला. १९८४ साली तोहोने पुन्हा आरंभ केला तेव्हा मधले चौदा चित्रपट जणू घडलेच नाहीत असे मानून केवळ पहिल्याशी नाते जोडले. ह्या दुसऱ्या पर्वात १९९५ पर्यंत ७ चित्रपट झाले. १९९९ ते २००४ ह्या तिसऱ्या पर्वात ६ निघाले आणि त्यांतील बहुतेकांनी पुन्हा १९५४ ची घटना तेवढी ग्राह्य धरून आपापली कथा नव्याने मांडली. २०१६ नंतरच्या चौथ्या पर्वातील प्रमुख चित्रपटांनी तर तेही बंधन ठेवले नाही. तात्पर्य, सगळे ओळीने पाहिल्यावाचून गत्यंतर नाही ही भीती निराधार आहे. मात्र ज्या एका चित्रपटाकडे पुढचे बहुतेक सारे मागे वळून पाहतात, तो १९५४ चा पहिला चित्रपट होय. आरंभ तेथूनच करावा.

ह्याचे कारण समजण्यासाठी त्या वर्षीच्या घटना आठवल्या पाहिजेत. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी ह्या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बाँबचा स्फोट केला. त्याची शक्ती सुमारे १५ मेगाटन, म्हणजे शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक ठरली. त्या वेळी धोक्याच्या म्हणून जाहीर केलेल्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ म्हणजे ‘भाग्यशाली ड्रॅगन क्रमांक पाच’ ह्या अर्थाचे नाव असलेली एक जपानी मासेमारी नौका होती. तीवर २३ खलाशी होते. स्फोटानंतर काही तासांनी त्यांच्या अंगावर पांढरी राख बर्फासारखी भुरभुरू लागली. ती राख किरणोत्सारी होती. सर्वच खलाशी आजारी पडले, आणि नौकेवरील बिनतारी यंत्र चालविणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबर रोजी मरण पावले. बाजारातील मासळीची लोकांना धास्ती वाटू लागली. हिरोशिमा व नागासाकी ह्यांची जखम नऊ वर्षांपूर्वीचीच होती. अणुबाँबविरोधी अर्जावर सह्या गोळा होऊ लागल्या आणि पुढील वर्षापर्यंत त्यांची संख्या तीन कोटींवर गेली. ह्या घटनेचा पडसाद आपल्या देशातही उमटला होता. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांनी लोकसभेत, असे स्फोट निदान थांबवून ठेवण्याचा करार मोठ्या राष्ट्रांनी करावा, अशी मागणी केली होती.

त्याच सुमारास तोहोचे निर्माते तोमोयुकी तानाका यांची इंडोनेशियाच्या सहकार्याने काढावयाच्या चित्रपटाची योजना फिसकटली आणि त्यांना तातडीने दुसरा विषय हवा होता. समुद्राच्या तळाशी निजलेला एक प्राचीन प्राणी हायड्रोजन बाँबच्या स्फोटाने जागा होतो, ही कल्पना त्यांनी पुढे मांडली. दिग्दर्शन इशिरो होंडा यांच्याकडे आले. होंडा यांनी सैन्यात अनेक वर्षे काढली होती आणि युद्ध संपल्यावर चीनमधून परत येताना बेचिराख झालेले हिरोशिमा प्रत्यक्ष पाहिले होते. हे ध्यानात घेतले म्हणजे, हा चित्रपट राक्षसाचा असूनही त्यात हास्याला जागा का नाही हे उमगते.

चित्रपटाचा आरंभच एका नौकेच्या नाशाने होतो. समुद्र एकाएकी पांढऱ्या प्रकाशाने उजळतो आणि नौका बुडते. १९५४ सालच्या जपानी प्रेक्षकाला ह्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. पुढे ओडो नावाच्या बेटावर संकट येते. प्राचीन जीवांचे अभ्यासक डॉ. यामाने तेथे जाऊन शोध घेतात. हे पात्र ताकाशी शिमुरा यांनी रंगविले असून, त्याच वर्षीच्या अकिरा कुरोसावा यांच्या ‘सेव्हन सामुराई’ ह्या प्रसिद्ध चित्रपटातील सामुराईंचा नायकही तेच होते. नंतर गोजिरा टोकियोवर येतो. तो शहर जाळतो तो प्रसंग पाहताना हवाई हल्ल्याच्या रात्रीची आठवण व्हावी, अशीच त्याची मांडणी आहे. रस्त्याच्या कडेला एक आई आपल्या लेकरांना पोटाशी धरून, आता लवकरच आपण बाबांकडे जाणार, असे सांगते. मनोऱ्यावरील निवेदक पळून न जाता वृत्तान्त सांगत राहतात आणि श्रोत्यांचा निरोप घेता घेता मनोऱ्यासह कोसळतात. दुसऱ्या दिवशी रुग्णालयात एका लहान मुलासमोर किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते आणि ते खडखडू लागते. हा क्षण एकदा पाहिला म्हणजे गोजिराची कथा ही मुलांची गोष्ट आहे असे पुन्हा म्हणवत नाही.

कथेचा खरा पेच शेवटी येतो. डॉ. सेरिझावा ह्या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती योगायोगाने एक भयंकर शोध लागला आहे. पाण्यातील प्राणवायू नष्ट करून तो सर्व जीवांचा संहार करू शकतो. गोजिराला मारण्याचा उपाय तोच. परंतु एकदा तो वापरला, की राज्यकर्ते त्याचेही अस्त्र करतील, ही त्याची भीती. शाळेतील मुलींचे शांतीसाठीचे समूहगीत दूरचित्रवाणीवर ऐकून त्याचे मन पालटते. तो अस्त्र द्यावयास तयार होतो. पण आधी आपली सर्व टिपणे जाळून टाकतो आणि समुद्रतळाशी स्वतःही त्या प्राण्याबरोबर नाहीसा होतो, कारण टिपणे जळाली तरी ज्ञान त्याच्या डोक्यात उरणारच होते. ‘शोध लावणाऱ्याची जबाबदारी कोठे संपते?’ हा प्रश्न येथे एका माणसाच्या मरणातून विचारला आहे. विजयाचा जल्लोष चित्रपट फार वेळ टिकू देत नाही. हे स्फोट असेच चालू राहिले तर दुसरा गोजिरा जगात कोठेतरी उगवेल, अशी शंका वृद्ध यामाने बोलून दाखवतात आणि चित्रपट संपतो.

जुन्या चित्रपटातील तांत्रिक बाजू बाळबोध असेल, अशी शंका कोणी घेईल. विशेष दृश्यांची जबाबदारी एइजी त्सुबुराया यांच्यावर होती. त्यांनी टोकियोच्या इमारतींच्या लहान प्रतिकृती उभारल्या आणि हारुओ नाकाजिमा ह्या नटाला रबरी पोशाख चढवून त्यांच्यामधून चालविले. पहिला पोशाख सुमारे शंभर किलो वजनाचा असल्यामुळे त्यात फार वेळ उभे राहणेही कठीण होते. चित्रण अधिक वेगाने करून पडद्यावर नेहमीच्या गतीने दाखविले, की हालचाल संथ होते आणि देहाला प्रचंडपणाचा भास येतो. गोजिराची डरकाळी ही कोणा प्राण्याची नाही; डबल बेस ह्या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारांवर चामडी हातमोजा घासून काढलेला तो आवाज आहे. ही युक्ती संगीतकार अकिरा इफुकुबे यांची. पोशाखाचा कृत्रिमपणा कोठे कोठे जाणवतो हे कबूल केले पाहिजे. परंतु कृष्णधवल रंगसंगती, रात्रीचे चित्रण आणि इफुकुबे यांचे गंभीर संगीत ह्यांमुळे तो दोष झाकला जातो. जपानात सुमारे ९६ लाख लोकांनी हा चित्रपट त्या वेळी पाहिला.

येथे नवख्या प्रेक्षकाला एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. ह्या चित्रपटाच्या दोन आवृत्त्या आहेत. १९५६ साली अमेरिकेत प्रदर्शित करताना मूळचा ९६ मिनिटांचा चित्रपट कापून सुमारे ८० मिनिटांचा करण्यात आला, आणि रेमंड बर हा अमेरिकन नट वार्ताहराच्या भूमिकेत नव्याने घालण्यात आला. जी दृश्ये वगळली गेली त्यांत आगगाडीतील एक संभाषण होते. त्यात नागासाकीहून वाचलेली एक तरुणी आता हे नवे संकट आले म्हणून हताशपणे बोलते. गोजिराविषयीचे सत्य प्रजेला सांगावे की दडवावे ह्यावरचा लोकप्रतिनिधींचा वाद गेला. डॉ. यामाने यांचा अखेरचा इशाराही गेला. राक्षस राहिला, नगराचा नाश राहिला; पण तक्रार पुष्कळशी पुसली गेली. अनेक देशांतील लोकांनी कित्येक वर्षे गोजिरा पाहिला तो हाच. मूळ चित्रपट इंग्रजी उपशीर्षकांसह अमेरिकेतील चित्रगृहांत सर्वत्र दाखविला गेला तो पन्नास वर्षांनी, २००४ साली. म्हणून पाहावयाचा तो ९६ मिनिटांचा जपानी. संवाद जपानी आणि खाली उपशीर्षके असा. आवृत्ती ओळखण्याची खूण सोपी आहे: अमेरिकन वार्ताहर दिसला की ती कापलेली समजावी.

पहिल्यानंतर लगेच सर्व पुढचे पाहण्याची गरज नाही. दुसरा थांबा १९६४ च्या ‘मोथ्रा विरुद्ध गोजिरा’ ह्या चित्रपटाचा असावा. हाही होंडा यांचाच, परंतु रंगीत आणि पुष्कळ मोकळ्या मनाचा. वादळात किनाऱ्याला लागलेले एक प्रचंड अंडे व्यापारी विकत घेतात आणि त्याचा तमाशा मांडून पैसा करू पाहतात. ज्या बेटाचे ते अंडे, ते बेट अणुस्फोटांनी आधीच ओसाड झालेले आहे. गोजिराचे संकट आल्यावर त्याच बेटवासीयांकडे मदत मागण्याची पाळी येते, तेव्हा ‘आमची राखरांगोळी करणाऱ्यांना आम्ही का वाचवावे?’ ह्या अर्थाचा त्यांचा सवाल ऐकून मागणारे निरुत्तर होतात. लहान मुलांना बरोबर घेऊन पाहावयाचे असेल तर आरंभ येथून केला तरी चालेल. १९५४ चा चित्रपट त्यांच्यासाठी दोन-चार वर्षे राखून ठेवावा. त्याच वर्षाअखेर आलेल्या तीन तोंडांच्या घिदोराच्या चित्रपटापासून गोजिरा मानवाच्या बाजूने लढू लागला, आणि हळूहळू मुलांचा लाडका झाला. आपल्या भाषेतील अर्थाने तो तेव्हा खरोखर गोजिरा झाला, असे म्हणावयास हरकत नाही! त्या मालिकेतील १९७१ चा ‘गोजिरा विरुद्ध हेदोरा’ मात्र वेगळा आहे. कारखान्यांच्या घाणीतून जन्मलेला त्यातील राक्षस जपानच्या त्या काळच्या प्रदूषणाकडे बोट दाखवितो.

दुसऱ्या पर्वात कुतूहल असेल त्याने १९८४ चा चित्रपट पाहावा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका व रशिया दोघेही गोजिरावर अण्वस्त्र टाकण्याची परवानगी मागतात आणि जपानचे पंतप्रधान ती नाकारतात, हा त्यातील प्रसंग पहिल्या चित्रपटाला साजेसा आहे. ह्याच पर्वाच्या अखेरच्या, १९९५ च्या चित्रपटात सेरिझावाच्या अस्त्रातूनच नवे अरिष्ट उद्भवते, आणि १९५४ मध्ये यामाने यांच्या कन्येचे काम केलेल्या मोमोको कोची एक्केचाळीस वर्षांनी त्याच भूमिकेत पुन्हा दिसतात. ज्याने पहिला पाहिला नसेल त्याला त्या दृश्यात केवळ एक प्रौढ बाई दिसेल. ज्याने पाहिला असेल त्याचे डोळे पाणावतील.

तिसरा महत्त्वाचा थांबा २०१६ चा ‘शिन गोजिरा’. हिदेआकी आन्नो व शिंजी हिगुची ह्यांनी तो दिग्दर्शित केला. मार्च २०११ मधील भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुभट्टीची दुर्घटना ह्यांची छाया त्यावर स्पष्ट आहे. राक्षस किनाऱ्यावर येऊन ठेपला असताना मंत्री व अधिकारी एका बैठकीतून दुसऱ्या बैठकीत जातात, आणि कोणत्या खात्याने कोणत्या कलमाखाली आज्ञा द्यावी ह्याचा खल करीत बसतात. सरकारी कचेरीचे उंबरे झिजविलेल्या कोणाही माणसाला हा विनोद परका वाटणार नाही. अखेर गोजिराला थंड करण्यासाठी काँक्रीट उपसणाऱ्या पंपगाड्या उपयोगी पडतात. फुकुशिमाच्या अणुभट्टीवर पाणी मारण्यासाठीही अशाच गाड्या वापरल्या गेल्या होत्या.

चौथा थांबा २०२३ चा ‘गोजिरा मायनस वन’. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी. युद्धाने देश शून्यावर आला आणि गोजिराने त्याला शून्याच्याही खाली नेले, असा नावाचा आशय. कथा १९४५ ते १९४७ ह्या काळातील आहे. आत्मघाती हल्ल्यासाठी नेमलेला एक वैमानिक मरण टाळून परत येतो, आणि जिवंत राहिल्याची शरम त्याला जगू देत नाही. सुमारे पस्तीस कलावंतांच्या चमूने केलेल्या विशेष दृश्यांसाठी ह्या चित्रपटाला मार्च २०२४ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. ज्याला कृष्णधवल चित्रपट मुळीच सोसत नाही त्याने ह्यापासून आरंभ करावा. मागचे काही ठाऊक असण्याची त्यात गरज नाही. पण पहिला पाहून मग हा पाहिला, तर एक गोष्ट अधिक दिसते. १९५४ मध्ये सेरिझावा जगाला वाचविण्यासाठी प्राण देतो. ‘प्राण देणे हाच पराक्रम काय?’ असा उलट प्रश्न २०२३ चा चित्रपट विचारतो. सत्तर वर्षांच्या अंतराने दोन चित्रपट एकमेकांशी बोलतात, ते ऐकण्यासाठी दोन्ही ओळखीचे असावे लागतात.

राहता राहिले अमेरिकन चित्रपट. १९९८ चा एक वेगळाच. २०१४ पासूनचे चार एका सूत्रात गोवलेले. त्यांतील भव्यता नाकारता येत नाही आणि ती पाहून आनंद होणे हा काही अपराध नव्हे. परंतु २०१४ च्या चित्रपटात प्रशांत महासागरातील अणुस्फोट हे ह्या प्राण्याला मारण्याचे प्रयत्न होते, असे दाखविले आहे. २०१९ च्या चित्रपटात सेरिझावा ह्याच नावाचा शास्त्रज्ञ गोजिराला पुन्हा बळ यावे म्हणून अणुबाँबचा स्फोट घडवितो आणि त्यात स्वतः मरतो. १९५४ च्या सेरिझावाने अस्त्राचे ज्ञान नष्ट व्हावे म्हणून मरण पत्करले होते. मूळ कथेत बाँब हा रोग होता; येथे तो औषध झाला आहे! जो प्रेक्षक येथूनच आरंभ करील त्याला ही उलटापालट कळणारही नाही. म्हणून हे चित्रपट पाहावेत, पण शेवटी पाहावेत.

थोडक्यात सांगावयाचे तर १९५४, १९६४, २०१६ आणि २०२३ हे चार चित्रपट ह्या क्रमाने पाहिले की मालेचा गाभा हाती येतो. उरलेल्यांपैकी कोणते पाहावेत हे मग प्रेक्षकाची आवडच सांगेल.

गोजिराची कथा जपानची आहे आणि तिचे दुःखही प्रथम जपानचेच आहे. परंतु १९५४ साली स्फोट थांबवा म्हणून सांगणाऱ्या आपल्या देशानेही पुढे १९७४ व १९९८ मध्ये पोखरण येथे अणुस्फोट केले. ते आवश्यक होते की नव्हते हा वाद निराळा. मात्र यामाने यांचा अखेरचा इशारा कोणा दुसऱ्यासाठी आहे, असे समजून खुर्चीवरून उठण्याची सोय भारतीय प्रेक्षकालाही आता राहिलेली नाही. तो इशारा आधी ऐकावा आणि राक्षसांच्या झुंजी मागाहून पाहाव्यात, एवढ्यासाठीच आरंभ पहिल्या चित्रपटापासून करावयाचा.